गंज, ठिणग्या आणि प्रेक्षक

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे मारतो. हातात धरला की त्यातले निम्मे तरी आपल्या मनगटाच्या जोरावर होताहेत असं वाटू लागतं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गेट कितीही रंगवा, पावसाळा संपला की पोपडे धरतंच. त्यामुळे पराक्रमाला दर दिवाळीआधी मैदान आयतंच मिळतं.

तारेच्या कप ब्रशने सुटा गंज भुर्रकन उडतो, पण मुरलेला गंज तो नुसता चकचकीत करून ठेवतो. त्यावर मारलेला प्रायमर पुढच्या जूनपर्यंतचा पाहुणा. खड्ड्यांतला गंज काढायला 60 नंबरची फ्लॅप डिस्कच हवी. मलाही तीच हवी असते, कारण ठिणग्या तिच्याच उडतात. नुसत्या ब्रशसाठी शेजारी गॅलरीत येत नाहीत.

आले, की मी ग्राइंडर बंद करून दिल्लीचा लोहस्तंभ सुरू करतो. गुप्तकाळातला, 1,600 वर्षं उघड्यावर! लोखंडात फॉस्फरस जास्त, म्हणून गंजाचाच पातळ, घट्ट थर बसला आणि त्यानेच पुढचा गंज अडवला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांचं संशोधन मी असं सांगतो, जणू नमुने मीच खरवडून दिले होते. दिल्लीची कोरडी हवा हेही एक कारण; पण ते मी गाळतो, गोष्टीतली मजा जाते. ‘‘मग तुमच्या गेटात का नाही फॉस्फरस?’’ असं कुणी विचारलंच, तर पोलाद ठिसूळ कसं होतं हा उत्तरार्ध तयार असतो. तो संपेपर्यंत घासलेल्या सळीवर दमट हवेने पुन्हा तांबूस झाक आणलेली असते. आतून आवाज येतो, ‘‘अहो, स्तंभ राहू दे, प्रायमर मारा!’’

या सोहळ्यात मी गॉगल, फेसशील्ड, हातमोजे, बूट असा नटलेला असतो. नाक्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातला पोरगा मात्र हेच काम दिवसभर स्लिपर घालून, एक डोळा मिटून करतो. पाच इंची डिस्क बसावी म्हणून ग्राइंडरचं गार्डही काढून टाकलेलं. ब्रशची तुटकी तार कपड्यातून आरपार जाते; डोळ्याचं काय होईल, हे सांगायला नको. ‘‘सवय आहे त्याला,’’ शेठ म्हणतात. सवय हाताला होते हो, बुबुळाला नाही! इथे मात्र माझं डोकं फिरतं.

हल्ली काम देताना मी दराआधी गॉगल विचारतो. ‘‘काकांचं काहीतरी वेगळंच,’’ म्हणत शेठ ड्रॉवरमधून एक काढतात. पोरगा तो कपाळावर चढवतो. मी उभा राहून डोळ्यांवर आणवतो. शेजाऱ्यांना हे मी सांगतोच. अर्थात, लोहस्तंभाच्या आधी.