करंटवाल्या साहेबांच्या सेवेशी

परमआदरणीय साहेब,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, नागपूरच्या आमच्या वस्तीतला जवळजवळ प्रत्येक दुखरा सांधा आपल्या खाटेवर आडवा होऊन आला आहे आणि त्याबद्दल आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. मान असो, कंबर असो, खांदा असो, आपण कधी भेदभाव केला नाहीत. सगळ्यांना तोच लाल दिवा, तेच चार पॅड, तोच करंट, आणि पैसे आगाऊ. एवढी समता दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

रुग्णाच्या अंगाला हात न लावण्याचा आपला संकोच तर फारच थोर. माझ्या आत्याचा जबडा दुखत होता. कानापाशी कळ यायची, जांभई देताना कट्ट आवाज व्हायचा, पोळी चावताना ती गाल धरून बसायची. आपण गालावर शेक दिलात. ‘तोंड उघडून दाखवा’ एवढंसुद्धा म्हणून तिला अवघडवलं नाहीत.

पुढे ती ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेली, त्यांना ही सभ्यता ठाऊक नव्हती. त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे बोटं टेकवून आत्याला तोंड हळूहळू उघडायला आणि मिटायला लावलं. जबडा उघडताना एका बाजूला सरकतो, हे आरशात तिचं तिलाच दाखवलं. हातमोजा घालून गालाच्या आतून चावण्याचा स्नायू चाचपला. एका जागी दाबताच आत्या ओरडली, ‘हीच, हीच ती कानातली कळ!’ रात्री झोपेत दात खाता का, दिवसा कामाच्या नादात दातावर दात धरून बसता का, हेही त्यांनी विचारलं. मग शिकवलं की ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वर टाळूला, आठवेल तेव्हा जबडा असाच ठेवायचा. जीभ टाळूलाच टेकवून तोंड उघडायचा व्यायाम दिला. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायला सांगितली. या सगळ्याला वीज लागली नाही. जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल ‘बीएमजे’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखालचे व्यायाम आणि हाताने सांधा मोकळा करणं यांची ठाम शिफारस आहे. आपण नेमकं तेवढंच वगळलंत.

शेजारच्या काकूंवर तर आपले अनंत उपकार. ‘गुडघे झिजलेत, जिना चढू नका, आराम करा,’ असं आपण सांगितलंत. त्यांनी जिना सोडला, देवळात जाणं सोडलं, शेवटी भाजी आणायला जाणंही सोडलं. मांडीचे स्नायू सुकले, भार पेलेनासे झाले, गुडघा आणखी दुखू लागला. मग आपण मोठ्या मायेने दुसरं पॅकेज दिलंत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये झिजेच्या संधिवातासाठी लिहून ठेवलं आहे की करंट, अल्ट्रासाउंड देऊ नका, उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. व्यायाम द्या, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हेही समजावून सांगा. काकूंना हे कुणी वेळेवर समजावलं असतं तर त्या आज स्वतःच्या पायांनी देवळात गेल्या असत्या. याचा मला राग आहे, साहेब, आणि तो मला लपवायचाही नाही.

मामांचा खांदा जखडला, तेव्हा त्यांना साखर आहे का, हेही आपण विचारलं नाहीत. मधुमेहात खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं. पण चौकशीत आपला अमूल्य वेळ गेला असता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर, फिजिओथेरपीची विद्या आपल्या देशात रीतसर शिकवली जाऊ लागली. पोलिओने पाय गेलेल्या मुलांना उभं करणाऱ्यांची ही विद्या. तिचं नाव आपण दारावरच्या बोर्डावर केवढं मोठं रंगवलंत! राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहायला मात्र तिथे जागा उरलेली दिसत नाही.

आता एक विनंती. आपल्याकडे येणारा तो तरुण ऑटोवाला आठवतो? ‘जबडा जॅम झालाय’ म्हणून आपण त्यालाही शेक दिलात. मी त्याच्या ऑटोत बसले होते, तेव्हा त्याने सांगितलं की तोंड उघडत नाही, तिखट तर अजिबात सोसत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी सहज मावतात. त्याच्या तोंडात एकच कशीबशी जाते. समोर खर्ऱ्याची पन्नी लटकत होती. ती आपल्यालाही दिसली असेल. खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. गालात पांढुरके, ताठ पट्टे आहेत का, हे पाहायला एक टॉर्च पुरतो. तोंड उघडण्याचे व्यायाम त्यालाही लागतीलच, पण आधी तपासणी हवी.

पुढच्या पॅकेजच्या पैशांसाठी आपण त्याला दोनदा फोन केलात, म्हणजे नंबर आपल्या वहीत आहे. कृपा करून आणखी एक फोन करा. खर्रा आजपासून बंद कर आणि उद्याच मेडिकल चौकातल्या सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन तोंड दाखव, असं त्याला सांगा. माझं त्याने ऐकलं नाही. आपल्याला तो डॉक्टर समजतो.

आपली कृपाभिलाषी,
वस्तीतली एक बाई