मंदगतीचे शास्त्र, अर्थात टिगोर जेटीपी

गाडी वेगवान असली की माणूस लवकर पोचतो, हा समज समाजात इतका मुरलेला आहे की त्याचे खंडन रीतसर शास्त्रीय पद्धतीनेच करावे लागते. उदाहरणासाठी टाटा टिगोर जेटीपी घेऊ. तिच्याहून जलद गाड्या पुष्कळ. पण ऑफिस, दळण आणि सासुरवाडी हे तिन्ही सांभाळणारी, चार मीटरच्या आत बसणारी आणि तरीही डिकीसकट जलद अशी गाडी आपल्याकडे विरळाच.

पूर्वपक्ष असा. साध्या पेट्रोल टिगोरचे इंजिन १.२ लिटर, ३ सिलिंडर, ८५ अश्वशक्तीचे. टाटा मोटर्स आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्स यांनी मिळून तेवढ्याच मापाच्या इंजिनाला टर्बो जोडला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ११४ अश्वशक्तीची जेटीपी बाजारात आणली. एक्स-शोरूम ७ लाख ४९ हजार. जादा घोडे २९. सबब ही गाडी साध्या टिगोरच्या आधी पोचली पाहिजे. तर्क बिनतोड आहे, फक्त तो हिंजवडीच्या रस्त्यावर टिकत नाही. टर्बोचा पुरा जोर मिळतो २००० फेऱ्यांच्या पुढे. सकाळी नऊ वाजता पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला असे करता करता पुढच्या टेम्पोमागची शायरी पाठ होते, पण २९ घोड्यांना जाग येत नाही.

‘मग द्रुतगती मार्ग आहे की!’ असे कोणी म्हणेल. तिथे मोटारींना मर्यादा ताशी १०० किलोमीटरची. कंपनीच्या दाव्यानुसार शून्यापासून तिथवर जायला लागतात साधारण साडेदहा सेकंद. म्हणजे कायद्यात राहून मिळणारे सुखही साडेदहाच सेकंदांचे. पुढे खोपोलीपर्यंत सगळ्या गाड्या सारख्याच.

आता मुख्य प्रमेय. गाडीने वळणावर रस्ता धरून ठेवावा म्हणून अभियंत्यांनी ती साध्या टिगोरपेक्षा ४ मिलिमीटरने खाली घेतली. एवढ्याशाने काय होते, असे विचारणाऱ्याने आपल्या सोसायटीचा स्पीडब्रेकर एकदा नीट पाहावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्याजोगा असतो. प्रत्यक्षात त्याची उंची ठेकेदाराकडे उरलेल्या डांबरावर ठरते आणि रुंदी देवाच्या मर्जीवर. तिथे आल्यावर जेटीपीवाला आधी जवळजवळ थांबतो. मग गाडी तिरकी घेतो, एक चाक चढवतो, श्वास रोखतो, खालून ‘खर्र’ येते का ते ऐकतो आणि मग दुसरे चाक चढवतो. मागच्या सीटवरच्या दोघांना ‘जरा उतरता का?’ म्हणण्यापर्यंतही मजल जाते. तेवढ्यात मागची साधी टिगोर हॉर्न देत पुढे निघून जाते.

यात भर बंपरची. तो याच गाडीचा, वेगळा घडवलेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि जेटीपीने त्याआधीच अवतार संपवला. जी वस्तू आता बनत नाही तिला ओरखडा परवडत नाही, म्हणून मालक रिक्षांपासून हातभर आणि पार्किंगच्या खांबापासून दोन हात लांब राहतो. अशा रीतीने सर्वांत जलद टिगोर ही सर्वांत सावकाश चालणारी टिगोर ठरते, आणि हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही.

मालकाच्या मानसिक अवस्थेचा विचार इथे थोडक्यातच करतो. बोनेटवरचा स्कूप पाहून लोक तीन प्रश्न विचारतात. ‘हे भोक कशाला?’ याचे उत्तर तो उत्साहाने देतो. ‘अ‍ॅव्हरेज किती?’ यावर विषय बदलतो. ‘सीएनजी बसतो का हिला?’ या प्रश्नानंतर मात्र त्याला काही काळ एकटे सोडावे.

तेव्हा सेकंड हँड जेटीपी घ्यायला जाणाऱ्यांनी इंजिनाच्या आवाजावर भाळू नये. आधी पुढे वाकून बंपरची खालची कड बघा. तिथे ओरखडा नसेल तर गाडी डोळे मिटून घ्या. ती कधी वेगाने चाललेलीच नाही.