पुस्तक ठरू दे

काकांचं लग्न एका बैठकीत ठरलं. घराची जागा दोन दिवसांत ठरली आणि तारापूर एमआयडीसीतली नोकरी तर बोईसर स्टेशनबाहेर वडापाव खाता खाता ठरली. पंचवीस वर्षांत न ठरलेली गोष्ट एकच : प्रोग्रॅमिंग शिकायचं ते कुठल्या पुस्तकातून?

काका राहतात नवापूरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिन्ही पाळ्यांची नोकरी. रात्रपाळी करून आले की बाकीचे कामगार झोपतात, काका अनुक्रमणिका वाचतात. शिकण्याची इच्छा खरी आहे, डोकंही तल्लख आहे. फक्त शिकायला बसण्याआधी योग्य पुस्तक हातात हवं, एवढाच हट्ट. पाया चुकला की इमारत चुकते, असं ते म्हणतात. पाया खणायची जागा अजून ते बघताहेत.

काकी बाजारात पापलेट घेताना कल्ला उघडते, डोळा बघते, बोटाने दाबते आणि पाच सेकंदांत निकाल देते. काकाही पुस्तक असंच पारखतात. पाठीवरून अंगठा फिरवतात, मध्ये उघडून वास घेतात, शिवण ताणून बघतात. मग पहिलं प्रकरण उभ्या उभ्या संपूर्ण वाचतात. लेखकाचा हात पहिल्या प्रकरणातच कळतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे. फरक इतकाच की काकीचं पापलेट त्याच दिवशी कालवणात जातं.

सुरुवात सी भाषेपासून झाली. कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक, पहिली आवृत्ती १९७८ची, दुसरी १९८८ची. रिचींनी भाषा स्वतः घडवलेली, म्हणजे हे घरचंच पुस्तक. काकांनी ते नवंकोरं घेतलं, घरी आणून तळहातावर तोललं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पावणेतीनशे पानांत अख्खी भाषा? काहीतरी हातचं राखलं असणार. मग नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ बघितलं. ते फार सोपं वाटलं. सोपं पुस्तक माणसाला आळशी करतं. बालगुरुसामींचं बघितलं. ते परीक्षेसाठी उत्तम, पण काकांना परीक्षा द्यायची नव्हती. पुढे सी प्लस प्लस. त्या भाषेच्या जनकाचं, स्ट्रूस्ट्रुप यांचं पुस्तक चौथ्या आवृत्तीत तेराशे पानांच्या वर गेलं. ‘‘शिकवायला एवढं लागतं, म्हणजे खोट भाषेतच आहे,’’ काका म्हणाले आणि ती भाषा सुटली.

मधल्या काळात तारापूरला अणुऊर्जेचे तिसरा आणि चौथा संच उभे राहून वीज देऊ लागले. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकं चाळायला होणाऱ्या काकांच्या फेऱ्या वाढल्या. २०१४च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. सरकारने जिल्हा ठरवला, काकांचं पुस्तक ठरेना.

एकदा मात्र ठरलं होतं. पायथन. लागोपाठ तीन पावसाळे, म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, त्यांनी सात पुस्तकांचा तुलनात्मक अभ्यास केला, वहीत तक्ता आखला आणि एक पुस्तक नक्की केलं. ते पायथन दोनचं होतं. १ जानेवारी २०२० रोजी पायथन दोनचा अधिकृत सांभाळ बंद झाला. काकांचा निर्णय होईपर्यंत भाषेची आवृत्तीच सेवानिवृत्त झाली. काका आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

त्यांचं दैवत डोनाल्ड क्नुथ. या संगणकशास्त्रज्ञ गृहस्थांनी १९६२मध्ये प्रोग्रॅमिंगवर एक ग्रंथ लिहायला घेतला, पहिला खंड १९६८मध्ये निघाला आणि ठरलेले सात खंड अजून पुरे व्हायचे आहेत. ‘‘लिहिणाऱ्याला घाई नाही, मग वाचणाऱ्याने का करावी?’’ काका विचारतात. काकी म्हणते, ‘‘त्यांनी निदान पहिला खंड तरी लिहिला.’’

गेल्या वर्षी पुतणी डिप्लोमाला गेली. तिला सी होती. काकांकडे सल्ला मागायला आली, दीड तास ऐकून घेतलं आणि उठताना फळीवरचं सर्वांत पातळ पुस्तक काढून घेऊन गेली. कर्निघन-रिची. काकांनी ते पाहिलं. ‘‘अगं, ते अजून ठरलेलं नाही!’’ असं ते ओरडले, पण तोवर ती फाटकाबाहेर होती.

पोरीने पहिला प्रोग्रॅम भरतीचा लिहायला घेतला. आमच्याकडे हिशेब सोपा : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. लहान पोरांनाही येतं. पण प्रोग्रॅम अष्टमीला शून्य सांगे आणि एकादशीलाही शून्यच. त्या हिशेबाने नवापूरच्या समुद्राला बारमाही मध्यरात्रीच भरती. काकी म्हणाली, ‘‘मग होडीवाल्यांनी झोपायचं कधी?’’

पोर रडकुंडीला आली. काका रात्रपाळीची झोप काढून चहा पीत होते. उठलेसुद्धा नाहीत.

‘‘तीन भागिले चार कंसात घातलंस ना?’’

‘‘हो.’’

‘‘दोन्ही पूर्णांक. सी पूर्णांकाला पूर्णांकाने भागते आणि अपूर्णांक टाकून देते. पाऊण राहतेच कुठे? शून्य राहतं. चारच्या पुढे पॉइंट शून्य लाव.’’

तिने लावलं. अष्टमीला सहा वाजले.

घरात शांतता पसरली. ज्या माणसाने आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही, त्याला हे कळलं कसं? उत्तर पहिल्या प्रकरणात होतं. कर्निघन-रिचींनी तिथेच फॅरनहाइटचं सेल्सियस करताना पाच भागिले नऊचा हा खड्डा दाखवून ठेवला आहे. आणि पहिली प्रकरणं हा काकांचा प्रांत. पंचवीस वर्षांत त्यांनी जेवढी पहिली प्रकरणं वाचली, तेवढी एखाद्या प्राध्यापकानेही वाचली नसतील. दुसऱ्या प्रकरणात मात्र त्यांचा अजून गृहप्रवेश व्हायचा आहे.

सत्र संपल्यावर पुस्तक परत आलं. पहिलं प्रकरण पूर्वीसारखंच मऊ झालेलं, पण आता पुढची पानंही दुमडलेली, पेन्सिलीने खरडलेली, एका ठिकाणी तर सुक्या बोंबलाच्या तेलाचा डाग. काकांनी पाठीवरून अंगठा फिरवला, मध्ये उघडलं, वास घेतला. बराच वेळ ते डागाकडे बघत बसले.

मग काकीकडे वळून खुशीत म्हणाले, ‘‘बघ, पुस्तक बरं निघालं!’’

आणि त्यांनी ते पुन्हा फळीवर ठेवून दिलं.