सदर भिंतीवरील बुरशीबाबत

प्रति : बदली होऊन दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद व फरीदाबाद येथे दाखल झालेली समस्त मराठी कुटुंबे.

विषय : पावसाळ्यानंतर घरात उगवणाऱ्या बुरशीस प्रतिबंध करणेबाबत.

राजधानीत नव्याने आलेल्या मराठी माणसास, विशेषतः तो कोकणातला असल्यास, दिल्लीच्या पावसाचे हसू येते असे निदर्शनास आले आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दिल्लीत आठशेसुद्धा नाही. तथापि दिल्लीचा पाऊस सरकारी निधीसारखा आहे. वर्षभर वाट पाहायला लावतो आणि मग एका रात्रीत खर्ची पडतो. २८ जून २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कोकणातल्या घराला उतरते छप्पर असते, लांब वळचण असते. दिल्लीच्या फ्लॅटला सपाट गच्ची असते आणि भिंत उघडी. पाणी कुठे जाणार? सबब खालील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत.

कलम १ : ओळख. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना दारात अडवता येत नाही. त्यांचे खाणेही बंद करता येत नाही, कारण चामडी बूट, पुस्तकाची बांधणी, कपाटाची प्लायवूडची पाठ, इतकेच काय साधी धूळही त्यांना चालते. अडवता येते ते फक्त पाणी. त्यासाठी आर्द्रतामापक घ्यावा आणि काटा साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. ऑगस्टमध्ये तो साठच्या खाली येत नाही म्हणून मापक खराब आहे, असा निष्कर्ष काढू नये.

कलम २ : पंचनामा. ओल दिसताच रंगाऱ्यास बोलावू नये. डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी व तारीख टाकावी. डाग पावसानंतर वाढून उन्हात आटत असेल, तर दोष गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. जमिनीपासून वर चढत जाऊन कमरेच्या आसपास थांबत असेल आणि त्यावर पांढरे क्षार फुटत असतील, तर पाणी इमारतीच्या पायातून येत आहे. कोरड्या ऑक्टोबरातही डाग तितकाच ताजा असेल, तर पावसाची निर्दोष मुक्तता करून पाइपास ताब्यात घ्यावे.

कलम ३ : हद्द. दिल्लीत ओलीला ‘सीलन’ म्हणतात आणि ती नेहमी दुसऱ्याची असते. वरच्या मजल्यावर जाऊन विचारल्यास ‘हमारे यहां तो सब सूखा है जी’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खरे समजावे. त्यांचे पाणी तुमच्याकडे आलेले असल्याने त्यांच्याकडे कोरडेच असणार. वाद न घालता, त्यांचे सर्व नळ बंद करून घ्यावेत आणि टाकीला नवे पाणी येत नसताना तासाभराने तिची पातळी पाहावी. पातळी उतरली तर पुरवठ्याचा पाइप गळतो. उतरली नाही, पण त्यांच्या आंघोळीनंतर तुमचा डाग फुगत असेल, तर फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याची नळी गळते. चहाचा आग्रह झाल्यास स्वीकारावा. प्रकरण लांबणार आहे.

कलम ४ : थंडावा. मे महिन्यातील कोरड्या लूमध्ये कूलर ही देणगी आहे. तोच कूलर जुलैमध्ये बंद खोलीत लावणे म्हणजे बुरशीस अधिकृत पाणीपुरवठा करणे होय. एसी हवेतले पाणी काढतो, परंतु त्यातही पेच आहे. खोली अठरा अंशांवर गारठवून नंतर ‘जरा मोकळी हवा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडली, की बाहेरची दमट हवा गार भिंतीवर जाऊन पाणी सोडते. त्यामुळे तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास ठेवावे व ड्राय मोडचा वापर करावा. न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतरही काही वेळ चालू ठेवावा. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. ओले कपडे बेडरूममध्ये वाळवू नयेत, मग पाहुणे आलेले असोत वा नसोत.

कलम ५ : निर्मूलन. मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने बुरशी पुसावी. कोरड्या ब्रशने झाडल्यास तिची बदली दुसऱ्या खोलीत होते, उच्चाटन होत नाही. घरात दमेकरी असल्यास त्यांना या कामापासून दूर ठेवावे. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड यांची संयुक्त बैठक कोणत्याही परिस्थितीत बोलावू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशी त्यांना जुमानत नाही.

कलम ६ : औषधी सबब. फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनमध्ये बुरशीतूनच पेनिसिलिन सापडले आणि १९५४ मध्ये आपल्या पिंपरीत त्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला, सबब काळी भिंत हा मराठी माणसाचा वारसा आहे, असा युक्तिवाद काही घरमालक व आळशी भाडेकरू करतात. तो ग्राह्य धरू नये.

कलम ७ : रंगरंगोटी. हे कलम सर्वात महत्त्वाचे असून याचेच उल्लंघन सर्वाधिक होते. दिल्लीतून पाऊस साधारण सप्टेंबरच्या अखेरीस माघार घेतो आणि दिवाळी तोंडावर असते. रंगारी येतो, भिंतीकडे पाहतो आणि म्हणतो, ‘सर, पुट्टी मारके दो कोट कर देंगे, पता भी नहीं चलेगा.’ पता चलत नाही, हे खरे. लक्ष्मीपूजनापर्यंत. ओल्या भिंतीवर रंग चढवला की आतले पाणी कोंडते आणि रंगाचे फुगे धरून बाहेर येते. वॉलपेपर व पीव्हीसीचे पॅनेल तर बुरशीला पडदा आणि खासगीपणा दोन्ही पुरवतात. म्हणून क्रम असा राहील : आधी गळती, मग ऑक्टोबरचे ऊन, मग भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबणे, आणि सर्वात शेवटी रंग. या क्रमाने दिवाळीपर्यंत रंग होणार नाही. पाहुण्यांना डाग दिसेल. दिसू द्यावा. त्यांच्या घरीही तो आहेच, फक्त त्यावर दोन कोट आहेत.

सदर परिपत्रक सर्व कुटुंबीयांच्या निदर्शनास आणावे. ते भिंतीवर चिकटवू नये, मागे ओल धरते.