कारिएदोचा जिना

कारिएदोला गाडीतून उतरणं सोपं आहे. अवघड आहे ते स्टेशनातून उतरणं. जिना संपतो आणि बाजार सुरू होतो, असं म्हणावं तर तेही खरं नाही. बाजार जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर तुमची वाट बघत उभाच असतो.

मनिलात मी गेलो तो आमच्या जहाजावरच्या जुन्या बोसनच्या आग्रहावरून. आम्हा कोकणातल्या दर्यावर्दींना फिलिपिनो म्हणजे भाऊबंदच, फक्त त्यांच्याशी बांधावरून कोर्टात जावं लागत नाही. मी निवृत्त झालो, तोही झाला, पण मला तो अजून ‘चीफ’च म्हणतो आणि आमच्या हिला ‘मॅडम’. ही सोबत होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढच्या पिशव्यांचा उलगडा त्यावाचून होणार नाही.

मनिलाची एलआरटी, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, १९८४ साली सुरू झाली, आग्नेय आशियातली पहिली. पहिले डबे बेल्जियमचे. नदी ओलांडून उत्तरेला जाणारा टप्पा १९८५चा, आणि पासिग नदीवरून आलं की पहिलं स्टेशन कारिएदो. सगळा कारभार खांबांवर. खालचा रस्ता रिझाल अव्हेन्यू. एकेकाळी मनिलाची मंडळी नटूनथटून इथल्या थिएटरांत सिनेमाला यायची. आता त्या रस्त्यावर भरदुपारी सावली. राष्ट्रपुरुषाच्या नावाच्या रस्त्यावर असं छप्पर आपल्याकडेही घातलं असतं, पण आपण आधी त्याचं तीनदा भूमिपूजन केलं असतं.

कारिएदो हे स्पॅनिश काळातल्या एका गृहस्थाचं नाव. फ्रान्सिस्को कारिएदो यांनी १७४३ साली मृत्युपत्रात १०,००० पेसो ठेवले, शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून. पाणी आलं १८८२ साली. कारिएदोंच्या स्मरणार्थ बांधलेलं कारंजं जवळच सांताक्रूझच्या चौकात आहे. बोसनने ही हकीकत जरा ओशाळून सांगितली. मी म्हटलं, ‘‘अरे, लाजतोस काय? एकशे एकोणचाळीस वर्षांत योजना पूर्ण झाली ना? आमच्या गावची नळपाणी योजना बघायला ये एकदा.’’

खाली उतरून मी पोलिसाला कियापोच्या चर्चची वाट विचारली. त्याने माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला. परक्या मुलखात पोलिसाने असं केलं तर माणसाने काय समजायचं? बोसन म्हणाला, ‘‘चीफ, त्याने दिशा दाखवली.’’ फिलिपिनो माणूस बोट दाखवत नाही, ओठ दाखवतो. जवळ असेल तर जरासे, लांब असेल तर मान पुढे काढून. आणि ‘हो’ म्हणायचं असेल तर नुसत्या भुवया उडवतो. जहाजावर इंजिनच्या आवाजात हे सगळं मी वर्षानुवर्षं बघितलं होतं, पण तिथे ते गणवेशातल्या पोलिसाने केलं नव्हतं.

ओठांच्या दिशेने निघालो. कारिएदो स्ट्रीट हा चालायचा रस्ता, म्हणजे चालायला जागा सोडून बाकी सगळं तिथे आहे. मोजे, चार्जर, भात शिजवायचे कुकर, फळं. एका कढईत केशरी रंगाच्या गोळ्या तळून निघत होत्या. ही म्हणाली, ‘‘अहो, भजी!’’ काडीला टोचून, व्हिनेगरमध्ये बुडवून तिने एक तोंडात टाकलं. आत लावीचं उकडलेलं अंडं. तो गुरुवार होता. तिने बोसनला शांतपणे विचारलं, ‘‘तुमच्याकडे आज बुधवार ना?’’ बोसनने प्रसंग ओळखून भुवया उडवल्या.

रस्ता संपतो तिथे प्लाझा मिरांडा आणि समोर कियापोचं चर्च. आतला येशू काळा आहे, क्रूस खांद्यावर घेतलेला. मेक्सिकोहून सतराव्या शतकात आलेला. ९ जानेवारीला त्याची मिरवणूक निघते, तेव्हा लाखो माणसं अनवाणी येतात. मूर्तीच्या गाड्याच्या दोराला हात लागावा म्हणून रेटारेटी, आणि मूर्तीपर्यंत पोचता आलं नाही तर टॉवेल वर फेकायचा. गाड्यावरची माणसं तो मूर्तीला पुसून परत भिरकावतात. ज्याचा त्याला मिळतो का, हे मी विचारलं नाही. श्रद्धेच्या बाबतीत फार हिशेब करू नये. हिने मात्र काळा देव बघितल्याबरोबर चप्पल काढली, हात जोडले आणि ‘पांडुरंगा’ म्हणून मोकळी झाली.

बाहेर जडीबुटी, ताईत आणि रंगीत मेणबत्त्या. प्रत्येक रंगाला वेगळं मागणं. पैशासाठी कुठली, तब्येतीसाठी कुठली, हे विक्रेतीने नीट समजावून सांगितलं. हिने थोडा विचार केला आणि सगळ्या रंगांच्या घेतल्या. भाव ठरला कॅल्क्युलेटरवर. ती बाई आकडा टाइप करायची, कॅल्क्युलेटर पुढे सरकवायची. ही तो पुसून निम्मा टाइप करायची आणि वर मराठीत म्हणायची, ‘‘बाई, आम्ही काय रोज येतो का?’’ ती टागालोगमध्ये बहुधा तेच म्हणत होती. आकडे मध्यावर येऊन भेटले, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे अशा समाधानाने पाहिलं की बोसनला आणि मला आपण उगाचच आलो असं वाटलं. पाठोपाठ कुकरची खरेदीही त्याच पद्धतीने झाली.

परत जिना चढलो. वर सुरक्षारक्षकाने पिशवी उघडायला लावली आणि आत काठी घालून ढवळली. ‘‘हळू हो, मेणबत्त्या मोडतील!’’ असं मराठीत ऐकून तो दचकला आणि त्याने आम्हाला सोडलं.

गाडीचा पुढचा भाग बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी. माझं वय त्यात बसत होतं. पिशव्या बसत नव्हत्या, असं हिचं मत पडलं. ती पुढे गेली. मी दोन कुकर छातीशी धरून मागच्या गर्दीत. दार लागायच्या आधी दिसलं ते एवढंच, की तिला बसायला जागा मिळाली होती आणि ती शेजारणीला फोनवर नातवाचे फोटो दाखवत होती.

नदीवर आल्यावर बोसनच्या एकदम लक्षात आलं. ‘‘चीफ, मॅडमना उतरायचं कुठे ते माहीत आहे ना?’’

‘‘तिला नसेल,’’ मी म्हटलं, ‘‘पण एव्हाना त्या डब्यातल्या दहा बायकांना माहीत झालं असेल.’’