तहकूब नागरिक

निवडणुकीच्या मोसमात मावळात एक गंमत असते. बॅनरवरचा प्रत्येक उमेदवार स्वतःला मावळा म्हणवतो आणि बॅनरखालच्या माणसाला राजा. मतदारराजा! राजा खूश होतो, फुकटची मिसळ खातो, देवदर्शनाच्या बसमध्ये खिडकीची जागा धरतो, घरच्या मंडळींना पैठणीच्या खेळाला धाडतो. निकालाच्या संध्याकाळी गुलाल उधळला जातो आणि त्या लालेलाल गोंधळात पोशाखांची अदलाबदल होते. दुसऱ्या दिवशी राजा दाखल्यासाठी रांगेत उभा असतो आणि मावळ्याच्या गाडीपुढे एक, मागे दोन गाड्या असतात.

राजांचंही काय सांगावं! १३ मे २०२४ ला लोकसभेसाठी मतदान झालं. आमचा मावळ मतदारसंघ लोणावळ्याच्या धुक्यापासून थेट उरणच्या खाऱ्या वाऱ्यापर्यंत पसरलेला. मतदान जेमतेम ५५ टक्क्यांच्या आसपास. वार सोमवार, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी. शंभरातल्या पंचेचाळीस राजांनी राज्य कोणाकडे द्यायचं हा किरकोळ निर्णय बाकीच्यांवर सोपवला. आणि देश चालला की! नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, लोकांच्या सहभागाशिवाय लोकशाही चालत नाही. साफ खोटं. झकास चालते. तुमच्यावाचून कोणाचं अडत नाही. उलट पुष्कळांची सोय होते.

पुरावा पाहायला लोणावळ्यात या. इथली नगरपालिका १८७७ सालची. राज्यघटनेचं २४३-यू कलम सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक उरकलेली असली पाहिजे. लोणावळ्यात डिसेंबर २०१६ मध्ये निवडणूक झाली. त्यानंतरची डिसेंबर २०२५ मध्ये. पाच वर्षांच्या मुदतीची निवडणूक नऊ वर्षांनी. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागरचना कधी अशी तर कधी तशी, आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिका प्रशासकांच्या हाती. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं. मग ती मुदतही वाढली.

त्या प्रशासकीय राजवटीत, लोकप्रतिनिधी नसताना, लोणावळ्यात काय बंद पडलं? चिक्कीची दुकानं सुरू होती. घरपट्टीची बिलं वेळेवर येत होती. शनिवारी बाजारपेठेत गाड्या अडकत होत्या आणि रविवारी संध्याकाळी त्याच गाड्या उलट्या दिशेने अडकत होत्या. गटार तुंबलं की तक्रार कोणाकडे करायची हा जुना प्रश्नही निकालात निघाला. पूर्वी नगरसेवक फोन उचलत नसे, आता उचलण्यासाठी नगरसेवकच नव्हता. ‘आमची निवडणूक कुठे आहे?’ असं विचारत एखादा मोर्चा निघाला असता, तर घटनेच्या त्या कलमाला बरं वाटलं असतं. लाइट दोन तास गेली तर महावितरणच्या कार्यालयात धडकणारी माणसं आपण. मतदानाचा हक्क चार वर्षं गेला, तेव्हा फ्यूजसुद्धा तपासला नाही.

शहराचं सोडा, म्हणाल. खेडी जागी आहेत. मग ग्रामसभेला चला.

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. त्यांतली एक १५ ऑगस्टला. गावात झेंडावंदन झालं की पोरांना बिस्किटं वाटतात. टोपी घातलेले चार म्हातारे, शाळेचे मास्तर, अंगणवाडीच्या ताई आणि बिस्किटाच्या आशेने रेंगाळलेली पोरं एवढाच जमाव उरतो. ग्रामपंचायत अधिकारी जाडजूड रजिस्टर उघडतो. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचतं कोण? ‘कायम’ होतं. ‘सही करून ठेवा, चहा येतोय,’ असा पुकारा होतो. सह्या करणारे कट्ट्यावर जातात आणि न करणारे आधीच तिथे असतात.

खरी करामत पुढे आहे. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर डोकी पुरतात. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागतच नाही! शंभर माणसांनी जे ठरवायचं ते मग सात माणसं ठरवू शकतात, तेही कायद्याने. वर्षाचा आराखडा, वित्त आयोगाचा निधी, घरकुलाची यादी, सगळं मंजूर. तुम्ही आला नाहीत म्हणून काम थांबलं नाही. तुम्ही आला नाहीत म्हणून ते झटपट झालं. तुमची गैरहजेरी हीच तुमची संमती, आणि तिला सहीसुद्धा लागत नाही.

हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘सामान्य माणसाला वेळ कुठे आहे हो? त्याला यातलं काय कळतं?’ ही तर मावळच्या माणसाची बदनामी झाली. त्याला वेळ आहे, अक्कल आहे आणि चिकाटी तर पोत्याने आहे. बैलगाडा आठवा.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. मग मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या गाडामालकांनी काय केलं? नशिबाला दोष देत बसले? छे! संघटना बांधल्या, वर्गणी काढली, वकील लावले, आंदोलनं केली, पुढाऱ्यांना गावात गाठून जाब विचारला. २०१७ मध्ये विधिमंडळाला कायदा करायला लावला. तो हायकोर्टात अडकला तेव्हा दिल्ली गाठली. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. नऊ वर्षं! शर्यत असावी की नसावी यावर वाद घाला, पण सामान्य नागरिकांनी कायदा कसा बदलून घ्यावा याचा असा धडा कुठल्या पुस्तकात नाही.

आणि शर्यतीच्या घाटात गाडामालकाची नजर बघा. बारी सुटते, भंडारा उधळतो, ‘भिर्रर्र’ होते आणि अकरा-बारा सेकंदांत खेळ खलास. पण घड्याळात एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी गाडामालक निशाणापाशी उभा राहून हिशेब मागतो. पंचाला सोडत नाही. निवेदकाला माइकवरून आकडा पुन्हा सांगायला लावतो. तोच माणूस त्याच घाटाकडे येणाऱ्या रस्त्याच्या खड्ड्यातून दोन पावसाळे गाडी हाकत आला आहे. रस्त्याचा ठेकेदार कोण, दोषदायित्वाचा कालावधी किती, डांबर कुठल्या जाडीचं ठरलं होतं, यातलं त्याने काही विचारलेलं नाही. सेकंदाचा शंभरावा भाग चुकला तर राडा, अख्खा रस्ता वाहून गेला तर ‘चालायचंच’.

बरं, विचारणाऱ्यांचं काय होतं तेही मावळाने पाहिलं आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचे व्यवहार उकरत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. तपास पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. खुन्यांना शिक्षा झालेली नाही. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट २०११ ला, ऐन क्रांतिदिनी, पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यांत एक बाई. प्रकल्पाला स्थगिती मिळाली, ती २०२३ मध्ये उठली. ‘नागरिकांनी पुढे यावं’ असं भाषण ठोकणाऱ्यांनी आधी या दोन तारखा म्हणून दाखवाव्यात. मावळचा माणूस गप्प बसतो त्यात आळस आहेच, पण अनुभवही आहे.

म्हणूनच त्या ग्रामसभेचं महत्त्व. रस्त्यावर उतरण्याची वेळ कधी येते? कागद दालनात मंजूर होतो तेव्हा आपण कुणी तिथे नसतो म्हणून येते. आणि माहिती मागणारा एकटा का पडतो? त्याच्या अर्जाखाली दुसऱ्या कुणाचं नाव नसतं म्हणून. एका माणसाला पहाटे रस्त्यात गाठता येतं. रजिस्टरात सह्या करून, तोच प्रश्न विचारून बसलेल्या शंभर माणसांना गाठणं जड जातं. शेट्टींना धैर्य कमी पडलं नव्हतं. आम्ही बाकीचे तहकूब होतो.

आपण तहकूब असलो की गावात काय उगवतं? फलक. त्यांच्या दोन जाती आहेत. पहिली भूमिपूजनाची. तीस मीटर काँक्रीटचा रस्ता आणि त्यावर वीस नावं, वीस फोटो, ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’, ‘यांच्या निधीतून’. राज्यातल्या आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, खासदारालाही ५ कोटी. तो येतो तुमच्या-आमच्या करातून, पण फलक वाचला तर वाटेल साहेबांनी आजोबांचं शेत विकून रस्ता केला. दुसरी जात धोक्याची. ‘पूल धोकादायक आहे.’ त्यावर एकही नाव नसतं, एकही फोटो नसतो. फार तर खाली ‘आदेशावरून’. कुणाच्या विशेष प्रयत्नांतून पूल धोकादायक झाला, ते लिहायची पद्धत नाही.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. धोक्याचा फलक होता. नव्या पुलाची मागणी जुनी होती, पैसेही मंजूर होते. नव्हता फक्त पूल. पर्यटक बेशिस्त, अशी चर्चा त्याच रात्री सुरू झाली. बेशिस्त होतेच, फलक पाहूनही पुलावर शंभर माणसं चढली. शंभर! ग्रामसभेला जो आकडा भरत नाही, तो पडक्या पुलावर सेल्फीसाठी बिनबोभाट भरतो.

फलकावर नाव कसं लिहावं हे याच मुलखात शिकता येतं. एकवीरेच्या दर्शनाला जाता, तेव्हा शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात डोकावा. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते सार्वजनिक बांधकाम. खांबांवर आणि दारांवर कोरलं आहे की हे दान कुणाचं. धेनुकाकटचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा आहे, यवन आहेत, भिक्षुणी आहे. वैजयंतीचा एक शेठ आहे, त्याने मात्र आपल्या लेण्याला जंबुद्वीपात सर्वोत्तम म्हणवून घेतलं. जाहिरातीची हौस तेव्हाही होती. राजघराण्याकडून गाव दान मिळाल्याचा लेखही आहे. पण सुताराचं नाव खोडून तिथे राजाचं घातलेलं नाही. ज्याने दिलं त्याचं नाव, इतका साधा नियम. आज तो लावायचा म्हटलं तर गावच्या रस्त्याच्या फलकावर अख्खी मतदारयादी छापावी लागेल.

नाव नको, निदान हिशेब मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, म्हणजे एका वडापावापेक्षाही कमी. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, पण ‘रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिल यांच्या प्रती द्याव्यात’ हे सांगायला दहा-बारा शब्द पुष्कळ झाले. एकट्याने करू नका, दहा जणांनी दहा अर्ज करा. ग्रामसभेच्या नोटिशीचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाच्या जागी. गाडामालकांनो, तुम्ही तर या सगळ्यात मुरलेले. पंचाला विचारता त्या आवाजात सरपंचाला विचारा.

काही साहेब नाराज होतील. ‘राजकारण करू नका, विकासाला अडथळा आणू नका,’ असं म्हणतील. आजवर मावळात नागरिकाला ते दोनच वेळा नमस्कार करत आले, एकदा मतं मागताना आणि एकदा श्रद्धांजली वाहताना. अधेमध्ये त्यांच्या कपाळाला आठी पडली, तर खुशाल समजा की सभेला गणपूर्ती झाली.