जागच्या जागी सांगली

आमच्या दाजींनी साताऱ्यात सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन दारं, लाल रंग, मुंबई पासिंग. एजंटने कागदावर बोट ठेवलं, ‘एआरएआयचं अ‍ॅव्हरेज आहे, दाजी!’ सांगलीत घरी पोचेपर्यंत काटा तळाला टेकला आणि नतद्रष्ट मंडळी आकड्यावर शंका घेऊ लागली.

आकडा निर्दोष आहे. एआरएआय अ‍ॅव्हरेज मोजते ते प्रयोगशाळेत; तिथे गाडी रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद, वेग कमाल ९० आणि सगळा प्रवास वीस मिनिटांच्या आत. ना उसाची ट्रॉली आडवी येते, ना पेठ नाक्यावर वडापवाला हात न दाखवता वळतो. चूक असलीच तर रस्त्याची. तो उगाच पुढे जातो. शासनाने महामार्गावरच रोलर बसवावेत. सातारकराने जागेवर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, सांगली मनाने गाठावी. टोल तेवढा रोख भरावा.

दाजींनी अंमलबजावणी सुरूही केली. गाडी तीन महिने अंगणात उभी आहे, एसी बंद. रोज संध्याकाळी ते आत बसून स्टिअरिंग पुसतात. छापील अ‍ॅव्हरेजला अद्याप धक्का लागलेला नाही.

साताऱ्याला ते एसटीने जातात.